जुन्या गाडीचा गंजलेला पत्रा: आतून सुरू होणारी दुरुस्ती

दाराच्या खालच्या कडेला हरभऱ्याएवढा फोड दिसला की बहुतेक मालकांना तो रंगाचा दोष वाटतो आणि ते टचअपची बाटली शोधू लागतात. वास्तविक तो फोड रंगाचा नसतो, पत्र्याचा असतो. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि मावेनासा झाला की रंगाचा थर वर उचलतो. त्यामुळे असा फोड बाहेर दिसू लागतो तेव्हा त्या ठिकाणचा पत्रा आतल्या बाजूने बहुधा आरपार खाल्लेला असतो. खडा लागून किंवा ओरखडा पडून बाहेरून सुरू झालेला गंज याला अपवाद आहे. त्याच्या मध्यभागी रंग उडालेला दिसतो, म्हणून तो ओळखणे सोपे जाते. उरलेला सगळा गंज आतून येतो, आणि म्हणून त्याची दुरुस्तीही आतून सुरू करून आतच संपवावी लागते. खाली दिलेली पद्धत माझ्या १९९६ च्या मारुती ८०० वर दोन हिवाळे केलेल्या कामातून माझ्यापुरती पक्की झाली आहे. अँबेसिडर किंवा प्रीमिअर पद्मिनीलाही ती लागू पडते. त्या गाड्यांचा पत्रा अधिक जाड असल्यामुळे वेल्डिंग करताना हात थोडा मोकळा राहतो, एवढाच फरक.

नागपूरची हवा कोरडी असल्यामुळे इथे गाड्या गंजत नाहीत, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मुंबई-कोकणासारखी खारी हवा इथे नाही हे खरे आहे, पण इथला उन्हाळा गंजाला वेगळ्या वाटेने मदत करतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दारांच्या काचेलगतची रबरी बीडिंग, डिकीचे रबर आणि जोडांमधले सीलर कडक होऊन तडकतात, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पाणी त्या तडांतून सरळ पत्र्याच्या पोकळीत उतरते. गाडी कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर वायपरखालच्या जाळीत साचलेल्या पाल्याचा भिजून लगदा होतो आणि तो पाण्याच्या वाटा बुजवतो. पोर्चमध्ये कूलर असेल तर त्याचे ठिबकणारे पाणी ऐन उन्हाळ्यातही गाडीखालची फरशी ओली ठेवते, याकडे तर कुणाचे लक्षही जात नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशी गाडी वरून धुऊन-पुसून चकचकीत करता येते; गालिच्याखालचा फेल्ट मात्र उपसून काढल्याशिवाय महिनोन्महिने वाळत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच बोनेट उघडण्याआधी गालिचा उचलावा.

आधी तपासणी

तपासणीला तीन वस्तू पुरतात: बोथट पेचकस, फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक आणि टॉर्च. गाडीतील सीट, गालिचे, फेल्ट आणि दारांची आतली पॅनेल काढून ठेवावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून केलेली तपासणी अंदाजापलीकडे जात नाही. त्यानंतर दाराखालचा पोकळ रनिंग बोर्ड, पुढच्या प्रवाशांच्या पायाखालचा फ्लोअर, चाकांच्या कमानींच्या कडा, दारांच्या खालच्या दुमडी, बॅटरीखालचा ट्रे, स्टेपनीखालची डिकी आणि जॅक लावण्याच्या जागा यांवर पेचकसाच्या मुठीने ठोकत जावे. चांगला पत्रा टणक वाजतो; सडलेला पत्रा ओल्या पुठ्ठ्यासारखा मुका आवाज देतो. आवाज बदलला त्या जागी पेचकसाचे टोक दाबावे. कामठी रोडवरच्या ज्या डेंटरकडे मी हे शिकलो, तो माझी भीड पाहून म्हणाला होता, "भाऊ, दाबा बिनधास्त. पेचकस जिथं थांबते ना, तिथूनच पत्रा सुरू होते." आपणच आपल्या गाडीला भोक पाडतो आहोत असे त्या वेळी वाटते, पण ते भोक आधीच पडलेले असते, पेचकस ते फक्त दाखवून देतो.

लोहचुंबकाचे काम वेगळे आहे. रंगावरून ते हळूहळू फिरवत न्यावे आणि ज्या जागी पकड एकदम सुटेल तिथे पुटीचा जाड थर आहे असे समजावे. माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या कमानीवर चुंबक तळहाताएवढ्या जागेत धरतच नव्हते. चार वर्षांपूर्वी एका वर्कशॉपने ती कमान "नवा पत्रा टाकून" दुरुस्त केल्याचे सांगून तसे पैसेही घेतले होते. ग्राइंडर लावल्यावर पुटीचा बोटभर जाडीचा थर खपलीसारखा निघाला आणि त्यामागून फोमचा तुकडा व घडी करून कोंबलेले वर्तमानपत्र बाहेर आले. कागद ओलसर होता, त्याच्या कडा गंजाने नारिंगी झाल्या होत्या, आणि मधला मजकूर अजूनही वाचता येत होता. पाणी धरून ठेवणारी वस्तू गंजलेल्या पत्र्याला आतून चिकटवून ठेवली, तर ती दुरुस्ती होत नाही, गंजाला घातलेले खतपाणी होते. मूळ भोक नाण्याएवढे असणार; मला शेवटी वीतभर पत्रा कापावा लागला. तेव्हापासून पत्र्याचे काम कुणाकडूनही करून घेतले तरी रंग लावण्यापूर्वी एकदा स्वतः जाऊन उघडा पत्रा पाहायचा, हा नियम मी मोडलेला नाही.

तपासणीनंतर कोणते काम स्वतः करायचे हे ठरवावे. वरवरचा गंज, दाराची कड, बोल्टने बसवलेला पुढचा फेंडर, डिकीच्या तळातील लहान भोक ही कामे धीराने घरी करता येतात. पुढचा फेंडर तर ठिगळ लावण्यापेक्षा सरळ बदलणेच स्वस्त पडते. याउलट सस्पेन्शन जिथे बोल्टने बसते ती जागा, सीटबेल्टचे टोक अडकवलेला भाग आणि संपूर्ण रनिंग बोर्ड यांवर गाडीचा भार आणि माणसांचा जीव अवलंबून असतो. या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते; पत्र्याची कायाच सगळा भार पेलते. म्हणून अशा जागी अनुभवी वेल्डरच हवा, आणि तिथला पत्रा चहूबाजूंनी सडलेला असेल तर खर्च थांबवून गाडी भंगारात देण्याचा निर्णय जड अंतःकरणाने का होईना, घ्यावा.

हंगाम

कापणे आणि वेल्डिंग कोणत्याही कोरड्या दिवशी करता येते. प्रायमर आणि रंग यांसाठी मात्र दसरा उलटून गेल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरावा. पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो आणि दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येते. मे अखेरच्या नवतपात उन्हात तापलेल्या पत्र्यावर हातही टेकवत नाही. थिनर पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याआधीच उडून जाते आणि रंग खरखरीत बसतो. जानेवारीतही पहाटेच्या दवात काम सुरू करू नये, दहा-साडेदहानंतर पत्रा पूर्ण सुकलेला असताना हात घालावा.

कापणे आणि साफ करणे

सुरुवातीला बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडाव्यात. मागच्या भागात काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात हवेत मिसळलेली पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. फ्लोअरखालून जाणाऱ्या पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या कुठे आहेत हे खाली वाकून प्रत्यक्ष पाहावे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही शिरू नये, पक्के स्टँड लावावेत. चष्मा, हातमोजे आणि मास्क घालणे आणि पाण्याची बादली किंवा अग्निशामक हाताशी ठेवणे, या गोष्टींना पर्याय नाही.

रंगाचा फोड जिथे संपतो तिथे गंज संपत नाही. म्हणून फोडाच्या कडेपासून निदान तीन-चार सेंटिमीटर बाहेरपर्यंत रंग काढावा आणि वायर ब्रश लावलेल्या ग्राइंडरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासावा. वायर ब्रश एकाच जागी फार वेळ धरला तर तो गंज काढण्याऐवजी चोळून चकचकीत करतो आणि सगळे साफ झाल्याचा भास होतो. म्हणून शेवटचा हात ८० नंबरच्या पॉलिश पेपरने द्यावा आणि उजेड तिरपा पाडून पाहावा. काळे ठिपके दिसले तर त्या खड्ड्यांत गंज शिल्लक आहे असे समजावे. अशा ठिपक्यांवर फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक ब्रशने लावून बाटलीवर सांगितलेला वेळ ठेवावे, घासून पाण्याने स्वच्छ धुवावे आणि लगेच गरम हवेने सुकवावे. धुण्याचा कंटाळा केला तर पत्र्यावर राहिलेले आम्ल वरच्या एपॉक्सी प्रायमरची पकड बिघडवते.

बाजारात 'रस्ट कन्व्हर्टर' नावाने मिळणारे द्रव बहुधा टॅनिक आम्लाचे असते. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस (लोहाचे सल्फेट) एकत्र उकळून काळी शाई करत, तीच ही क्रिया आहे: हिरड्यातील टॅनिन लोहाशी संयोग पावून काळा, स्थिर पदार्थ तयार करते. हात पोहोचत नाही अशा पोकळीतील पातळ गंजासाठी ते उपयोगी आहे. मात्र पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ते वरवर काळे करून सोडते आणि खाली काम पूर्वीसारखेच चालू राहते.

ज्या जागी पेचकस आत गेला तिथला पत्रा वाचवू पाहू नये. चांगला, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापत जावे. कापाचे कोपरे गोल ठेवावेत, कारण काटकोनी कोपऱ्यात वेल्डिंगची उष्णता आणि नंतरचा ताण दोन्ही एकवटतात. रनिंग बोर्ड कापायचा असेल तर दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही कापू नयेत, आणि त्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्डिंगच्या टाक्यांनी पक्की करावी. नाहीतर काया किंचित बसते आणि नंतर दार लागत नाही.

ठिगळ

ठिगळासाठी कोल्ड रोल्ड पत्रा घ्यावा; तो गुळगुळीत असतो आणि हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) नीट वळतो. इतवारीतील लोहाओळीत किंवा हिंगणा एमआयडीसीतील एखाद्या फॅब्रिकेटरकडे कापातून उरलेले तुकडे वजनावर मिळू शकतात. दारे आणि फेंडर यांना २२ गेजचा, म्हणजे सुमारे ०.७ मिमी जाडीचा पत्रा पुरतो. फ्लोअरला २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिमी चांगला. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा गंजत नाही म्हणून मोह होतो, पण वेल्डिंग करताना त्यातून निघणारा जस्ताचा धूर छातीत जाऊन ताप आणतो. तोच वापरायचा असेल तर वेल्डिंगच्या कडेचा मुलामा आधी घासून काढावा आणि तरीही उघड्या जागेतच काम करावे.

मापासाठी मी लग्नपत्रिकांचा जाड कागद वापरतो. तो भोकावर धरून कडेने बोट दाबत नेले की आकार उमटतो आणि वळणावर तो पुठ्ठ्यासारखा मोडत नाही. कागदावरून पत्रा कापून तो जागेवर इतका चोख बसवावा की चहूबाजूंनी साधारण एक मिलिमीटरची फट राहील. बाहेरून दिसणाऱ्या भागाला असा कडेला कड लावलेला जोडच हवा. फ्लोअरला मात्र एकावर एक बारा-पंधरा मिलिमीटर चढवलेला जोड चालतो. तिथे दोन पत्र्यांच्या मधल्या बाजूंना वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर आधीच लावावा आणि जोड बंद झाल्यावर त्याची कड सीम सीलरने दोन्ही बाजूंनी बुजवावी, कारण एकावर एक चढवलेल्या पत्र्यांच्या फटीत शिरलेले पाणी बाहेर येत नाही.

वेल्डिंग मिगचे, म्हणजे आपल्या वर्कशॉपांच्या भाषेत सीओटूचे असावे आणि तार ०.६ किंवा ०.८ मिमीची. आर्क वेल्डिंग एवढ्या पातळ पत्र्याला भोके पाडते, आणि गॅस वेल्डिंगची ज्योत आजूबाजूचा मोठा भाग तापवून पत्रा पापडासारखा वेडावाकडा करते. डेंटरांच्या जुन्या पिढीतील काही हात गॅसवरही सुंदर काम करतात, पण तो वर्षांनुवर्षांचा सराव असतो. आधी चार कोपऱ्यांना टाके मारावेत, मग समोरासमोर, मग मधोमध, असे करत टाक्यांतील अंतर वीस-पंचवीस मिलिमीटरवर आणावे. प्रत्येक टाका हात लावता येईल इतका थंड झाल्यावरच त्याच्या शेजारी दुसरा मारावा. सलग रेघ ओढण्याची घाई केली तर पत्रा ताणला जाऊन मध्ये फुगतो, आणि तो फुगवटा काढण्यात वाचवलेल्या वेळाच्या तिप्पट वेळ जातो. फ्लोअरवर आवाज दाबण्यासाठी चिकटवलेली डांबरी शीट जोडापासून दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत खरवडून काढावी. ती पेट घेते. काम थांबवल्यावर अर्धा तास तरी गाडीपासून हलू नये, कारण पोकळीत पडलेली ठिणगी धुमसत राहू शकते.

टाके ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने समतल करताना पत्रा निळा पडू लागला तर डिस्क उचलावी. नंतर अंधार पडल्यावर एकाने आतून टॉर्च धरावा आणि दुसऱ्याने बाहेरून पाहावे. दिवसा निर्दोष वाटलेल्या जोडात सुईच्या टोकाएवढे उजेडाचे दोन-चार ठिपके हमखास दिसतात. त्यांना खडूने खुणा करून सकाळी पुन्हा टाके मारावेत, कारण जिथून उजेड येतो तिथून पाणीही येणार.

प्रायमर, पुटी, रंग

साफ केलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर बसलाच पाहिजे. त्याआधी तेलकटपणा काढणाऱ्या डीग्रीझरने पुसून घ्यावे आणि नंतर उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. घामाच्या बोटाचा ठसा दुसऱ्या दिवशी गंजाच्या रूपाने परत दिसतो. खिडकीच्या जाळीला लावतात तो साधा रेड ऑक्साइड इथे चालत नाही, कारण तो ओल पुरती अडवत नाही. एपॉक्सीचे दोन हात आतून आणि बाहेरून द्यावेत.

पुटी त्यानंतर लावायची, उघड्या पत्र्यावर नाही. पॉलिएस्टर पुटीतील शंखजिरे पाणी शोषते, म्हणून खाली ओल रोखणारा एपॉक्सीचा थर हवा आणि पुटी घासताना वॉटर पेपर न वापरता ती कोरडीच घासावी. शंभर ग्रॅम पुटीला सुमारे दोन ग्रॅम हार्डनर पुरतो. हार्डनर जास्त झाला तर त्याचा डाग पुढे रंगातून वर येऊ शकतो. गरमीत मिश्रण काही मिनिटांतच आवळते, म्हणून एका वेळी मुठीत मावेल एवढेच कालवावे. थराची जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात असेल तर तो पुटीचा प्रश्न नसून पत्रा अजून ठोकून सरळ झालेला नाही असे समजावे आणि पुन्हा हातोडी-डॉली हाती घ्यावी. लाकडी ठोकळ्यावर ८० नंबरचा कागद लावून सुरुवात करावी आणि १८० वर थांबावे. नुसत्या हाताने घासले तर बोटांच्या रेघा उमटतात.

पुढे सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग गुळगुळीत करणारा थर), तो ४०० नंबरने ओला घासणे, मग रंग आणि वर क्लिअर कोट, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. हार्डनर घालून मारायच्या टू-के रंगांत आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते आणि ते साध्या कापडी मास्कने अडत नाही. योग्य रेस्पिरेटर आणि हवेशीर जागा नसेल तर रंगाचे काम पेंटिंग बूथ असलेल्या वर्कशॉपला द्यावे. रंगाची शेड कोडवरून न काढता गाडीच्या उन्हात राहिलेल्या भागाशी मिळवून घ्यावी, कारण नागपूरच्या उन्हात वीस-पंचवीस वर्षे काढलेला लाल रंग मूळ लाल राहिलेला नसतो. गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करावी लागते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्या वेळी चॅसिस क्रमांक तपासला जातो. म्हणून तो ठोकलेल्या जागेवर ग्राइंडर किंवा पुटी लागू देऊ नये.

पुन्हा आत

बाहेरून रंग चमकू लागला की काम संपले असे वाटते, आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आतल्या बाजूचा रंग आणि संरक्षक थर जळून गेलेला असतो. रनिंग बोर्ड, दारे आणि कमानींच्या पोकळ्यांत लांब नळीच्या साहाय्याने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीसाठीचे पातळ मेण) फवारावे. ते फटींत झिरपते आणि कडक होत नाही. खालच्या छिद्रांतून थेंब बाहेर पडू लागेपर्यंत फवारत राहावे. जळके इंजिन ऑइल ओतण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण ते रबरे खराब करते, धूळ धरते आणि काही महिन्यांत गळून जाते. गाडीखाली जाड अंडरकोटिंग मारायचे असेल तर ते फक्त साफ केलेल्या, प्रायमर बसलेल्या पत्र्यावरच मारावे. गंजावर मारलेले अंडरकोटिंग ओल आत कोंडते.

तडकलेली बीडिंग आणि दारांची रबरे याच वेळी बदलून टाकावीत, नाहीतर पुढच्या जूनमध्ये पाणी जुन्याच वाटेने येईल. वायपरखालची जाळी पावसाळ्याआधी एकदा आणि पोळ्याच्या सुमारास पुन्हा एकदा पाल्यापासून मोकळी करावी. शेवटी गालिचा घालण्यापूर्वी दाराच्या काचेलगतच्या फटीत तांब्याभर पाणी ओतावे आणि खाली बसून पाहावे. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन छिद्रे असतात. पाणी त्यांतून काही सेकंदांत धारेने बाहेर पडले पाहिजे. ते थेंबथेंब आले किंवा आलेच नाही, तर वॅक्सने किंवा मातीने बुजलेले छिद्र तारेने मोकळे करावे आणि पुन्हा तांब्याभर पाणी ओतावे.